थकलेल्या हृदयाची देखभाल

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



हृदयविकार म्हटला की समाजाच्या डोळ्यांसमोर छातीत येणारी कळ, धावपळ, अँजिओप्लास्टी आणि बायपास एवढेच येते. रुग्ण वाचतो, घरी परततो, मंदिरात पूजा होते, स्नेह्यांचे फोन येतात आणि प्रकरण मिटले असे सर्वजण मानतात. दोन-तीन वर्षांनी त्याच गृहस्थांना उपाश्रयाच्या आठ पायऱ्या चढताना मध्येच थांबावे लागते. रात्री एका उशीचे काम दोन उशांनी होऊ लागते, मग तीन उशांनी. पायातली चप्पल घट्ट होते. घरचे म्हणतात, वय झाले. वास्तविक ते वय नसते, ते हार्ट फेल्युअर असते. हृदय बंद पडले असा त्या शब्दाचा अर्थ नाही. हृदय चालू आहे, परंतु शरीराला पुरेल इतके काम त्याच्याकडून होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. या रुग्णांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरच्या कामाविषयी आजचे निवेदन आहे.

सभागृहात व्यापारी मंडळी बहुसंख्य आहेत, म्हणून गोष्ट दुकानाच्या भाषेत मांडणे सोयीचे होईल. निरोगी हृदयाच्या डाव्या कप्प्यात एका ठोक्यापूर्वी सुमारे १२० मिलिलिटर रक्त जमा होते आणि त्यांपैकी सुमारे ७० मिलिलिटर बाहेर पडते. आलेल्या मालापैकी किती माल उठला, याची जी टक्केवारी तिला डॉक्टर इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. ती ४० किंवा त्याहून खाली गेली की हृदयाचा स्नायू दुबळा झाला असे समजतात. माल उठला नाही तर गोदामात साचतो. तसे रक्त मागे तुंबते आणि पाणी फुप्फुसांत व पायांत उतरते. मात्र टक्केवारी ५० च्या वर असूनही धाप लागणारे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांचे हृदय आकुंचन पावते, पण ताठरल्यामुळे नीट भरत नाही. दीर्घकाळचा रक्तदाब, मधुमेह व स्थूलता ही त्यामागची नेहमीची कारणे. 'एको चांगला आहे' हे ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या रोगावरील उपचारांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. इंग्लंडमधील विल्यम विदरिंग या वैद्याने १७८५ साली फॉक्सग्लोव्ह नामक वनस्पतीवर ग्रंथ लिहिला. अंगावर पाणी चढलेल्या रुग्णांना उतार पाडणारी ती जडीबुटी त्याला श्रॉपशायरमधील एका वृद्धेच्या घरगुती औषधातून कळली होती. त्याच जातीच्या वनस्पतीपासून मिळणारे डिगॉक्सिन आजही काही रुग्णांना दिले जाते. पुढे लघवी वाढवून साचलेले पाणी काढणारी औषधे आली. आराम पडू लागला, पण आयुष्य वाढल्याचा पुरावा नव्हता. तो पुरावा १९८७ साली मिळाला. उत्तर युरोपातील अतिशय गंभीर अशा २५३ रुग्णांवर एनालाप्रिलची चाचणी झाली. सहा महिन्यांत औषधाविना असलेल्या गटातील ४४ टक्के रुग्ण दगावले, तर औषध घेणाऱ्यांतील २६ टक्के.

त्याहून विलक्षण कथा बीटा-ब्लॉकरची. ही औषधे हृदयाचा वेग कमी करतात. मग थकलेल्या हृदयाला ती देणे म्हणजे दमलेल्या बैलाला आणखी अडवणे, असे सर्वत्र शिकवले जात असे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये काही रुग्णांना ती देऊन सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले. जगाने ते मानायला जवळजवळ पाव शतक घेतले. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटलेले दिसले आणि जे निषिद्ध होते तेच उपचाराचा आधार बनले. अनेकान्ताचे संस्कार झालेल्या समाजाला यात अपरिचित असे काही वाटू नये.

आज चार गटांतील औषधे मिळून उपचार होतो. २०१९ मध्ये सिद्ध झालेले चौथे औषध डापाग्लिफ्लोझिन मूळचे मधुमेहाचे. त्याच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या भारतात २०२० च्या अखेरीपासून मिळू लागल्या, तर सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टनच्या २०२३ पासून. पूर्वी ज्या गोळीच्या भावामुळे मध्यमवर्गीय कुटुंबही विचारात पडत असे, ती आता आवाक्यात आली आहे. तात्पर्य, औषधांचा तुटवडा हे दुखणे उरलेले नाही. दुखणे दुसरीकडे आहे.

ते कोठे आहे हे समजण्यासाठी या तज्ज्ञाचा दिवस पाहावा. साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, तीन वर्षांचे एमडी, तीन वर्षांचे डीएम आणि त्यानंतर या विषयाचा विशेष अनुभव, एवढी वाटचाल करून तो येथे पोचतो. अमेरिकेत २००८ साली या शाखेला स्वतंत्र उपशाखेची मान्यता मिळाली. त्याच्या कामात शस्त्रक्रियेचे नाट्य नाही. सकाळी वॉर्डात फिरताना तो रुग्णाला अर्धवट टेकवून बसवतो व मानेची शीर किती फुगली आहे ते पाहतो. नडगीवर बोट दाबून खळगा पडतो का, हे तपासतो. पाठीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसांच्या तळाशी बुडबुड ऐकू येते का, याचा अंदाज घेतो. मग काल आणि आजच्या वजनाची तुलना, लघवीचे माप, क्रिएटिनिन, पोटॅशियम. पाणी फार वेगाने काढले तर मूत्रपिंड रुसते. हळू काढले तर रुग्ण घुसमटत राहतो. दोहोंच्या मधली वाट रोज नव्याने शोधावी लागते.

बाह्यरुग्ण विभागातील काम त्याहून चिवट. औषधे सुरुवातीस अल्प मात्रेत द्यावयाची, रक्तदाब व रक्ततपासणी पाहून टप्प्याटप्प्याने वाढवावयाची. दर वेळी रुग्णाचा एकच प्रश्न असतो: 'डॉक्टरसाहेब, आता बरे वाटते आहे, मग गोळी वाढवता कशाला?' बरे वाटते आहे ते गोळीमुळेच, हे डॉक्टर शंभराव्यांदा त्याच शांतपणे सांगतो. दुसरा रुग्ण चक्कर येते म्हणून दोन गोळ्या आपल्या मनाने बंद करून आलेला असतो. तिसऱ्याच्या सूनबाईंनी काळजीपोटी कमी सोडियमचे मीठ आणलेले असते. त्या मिठात पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात ते साचून हृदयाचा ठोकाच बिघडू शकतो. रोजच्या शहाळ्याचीही तीच गत. सद्‌हेतूने केलेल्या अशा चुका शोधून काढणे हे या डॉक्टरचे निम्मे काम आहे, आणि त्यासाठी यंत्र नव्हे, वेळ लागतो.

समाजाच्या स्वयंपाकघराविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. शाकाहार उत्तमच, परंतु पापड, लोणचे, फरसाण आणि वर्षभराची वाळवणे यांत लपलेले मीठ पायावरच्या सुजेला थेट आमंत्रण देते. आयंबिलात तेल, तूप, दूध, साखर वर्ज्य असते, मीठ वर्ज्य नसते. चव राखण्यासाठी सैंधवाचा हात सैल सुटतो, आणि सैंधव हेही अखेर मीठच. बिनमिठाचे आयंबील करणारेही आहेत. पण डॉक्टरांना ते ठाऊक असतात थोडेच!

पर्युषणाच्या दिवसांत या तज्ज्ञाची काळजी वाढते. उपवास, त्यातही पाण्याविना चौविहार, पुढे अठ्ठाई. हार्ट फेल्युअरचा रुग्ण लघवी वाढवणारी गोळी घेत राहून पाणी बंद करतो, तेव्हा रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडांवर आघात होतो. याउलट सर्वच औषधे आठ दिवस बंद केली, तर पारण्यानंतरच्या आठवड्यात तो धापा टाकत इस्पितळात येतो. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी दीर्घ उपवासात चालू राहिल्यास, विशेषतः मधुमेहींमध्ये, रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो. ती आधीच थांबवावी लागते. म्हणजे काही औषधे थांबवायची, काही कमी करायची, काही मुळीच थांबवायची नाहीत. हे ठरवणे डॉक्टरला शक्य आहे. मात्र त्यासाठी उपवासाचा संकल्प त्याला आधी कळला पाहिजे. घडते नेमके उलटे. डॉक्टर नाही म्हणतील म्हणून त्यांना सांगायचेच नाही, असा घराघरातला रिवाज आहे. कित्येक रुग्णांना डॉक्टरांनी उपवास करू नका असे सांगणे आवश्यकच असते. पण एकासणे, बियासणे, उणोदरी, रसत्याग असे बाह्य तपाचे अन्य मार्ग त्यांच्यापुढे खुले असतात. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या आहेत. तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावे लागले तर पच्चक्खाण मोडत नाही, असा त्यांतील एकाचा अर्थ गुरुभगवंत सांगतात. ज्यांनी तपाचे नियम घातले त्यांनी रुग्णाचा विचार केला होता. रुग्णाच्या घरच्यांनी तो का करू नये?

सामायिकाचेही असेच. लघवीची गोळी तासाभरात काम सुरू करते आणि तिचा अंमल सुमारे सहा तास राहतो. ४८ मिनिटांच्या सामायिकात उठावे लागेल या संकोचापायी अनेक श्रावक-श्राविका ती गोळीच टाळतात. सांगितले असते तर डॉक्टरने वेळ बदलून दिली असती.

साधु-साध्वींच्या बाबतीत तर या तज्ज्ञाच्या साऱ्या विद्येची कसोटी लागते. सूर्यास्तानंतर औषध नाही, पाणी नाही. सकाळची गोळी नवकारशीनंतर. दिवसातून दोनदा घ्यावयाच्या औषधांत रात्रीचे अंतर फार लांबते. अशा वेळी जाणता डॉक्टर एकदाच घ्यावयाची औषधे निवडतो. कार्व्हेडिलॉलऐवजी बिसोप्रोलॉल अथवा दीर्घकाळ टिकणारे मेटोप्रोलॉल, आणि स्पायरोनोलॅक्टोन व डापाग्लिफ्लोझिन तर मुळात एकदाच घ्यावयाची. वजनासाठी विजेचा काटा चालत नसेल तर स्प्रिंगचा साधा काटा उपाश्रयात ठेवता येतो. साध्वीजींच्या तपासणीस स्त्री डॉक्टर वा परिचारिका असल्यास संकोचाचा प्रश्न उरत नाही. आहाराचा प्रश्न याहून नाजूक. साध्वीजींसाठी म्हणून बिनमिठाची भाजी केली तर तो आहार दोषयुक्त ठरतो. तथापि ज्या घरी रक्तदाबाचा रुग्ण आहे तेथे कमी मिठाची भाजी घरच्यासाठीच शिजते. त्या घरांत गोचरीचा लाभ मागावा, इतकी साधी ही वाट आहे. विहारात महिन्याला गाव बदलते, म्हणून मागील तपासणीचे कागद पुढील संघाकडे पोचणे अगत्याचे. पोटॅशियम गेल्या गावी किती होते हे पुढच्या गावच्या डॉक्टरला कळलेच नाही, तर तो अंधारात औषध देतो. विहार थांबवून स्थिरवास करावा की नाही, हा निर्णय गुरूंचा. त्यांना सत्य स्थिती सांगणे हे डॉक्टरचे काम.

आता पुराव्याकडे वळू. तिरुवनंतपुरम येथे २०१३ साली १२०५ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय ६१ च्या आसपास होते, आणि वर्षभरात दर दहांपैकी सुमारे तीन जण दगावले. पुढे २०१९-२० मध्ये देशभरातील ५३ इस्पितळांतून १०,८५१ रुग्णांची राष्ट्रीय नोंद झाली. तेथे ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १४ टक्क्यांच्या घरात होते. दुबळ्या हृदयाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जणांना शिफारशीनुसार पूर्ण औषधे मिळत होती. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने वार्धक्यातला रोग. आपल्याकडे तो साठीच्या आसपास, म्हणजे पेढीवर बसणाऱ्या कर्त्या माणसाला गाठतो.

२०२२ साली एक आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात नवे औषध नव्हते. १०७८ रुग्णांपैकी निम्म्यांना इस्पितळातून घरी सोडल्यावर नेहमीची देखभाल मिळाली. उरलेल्यांना दोन आठवड्यांत जुनीच औषधे पूर्ण मात्रेपर्यंत वाढवून दिली आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व सहाव्या आठवड्यात बोलावून तपासले. सहा महिन्यांत मृत्यू पावलेल्या किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल झालेल्यांचे प्रमाण नेहमीच्या गटात २३ टक्के, तर जवळून पाहिलेल्या गटात १५ टक्के राहिले. माल तोच, फरक हिशेब वेळच्या वेळी पाहण्याचा.

त्याआधी २००१ मध्ये ग्लासगोहून असाच अनुभव नोंदवला गेला होता. प्रशिक्षित परिचारिका रुग्णाच्या घरी जाऊन व फोनवरून विचारपूस करू लागली, तेव्हा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले. ब्रिटनमध्ये आता अशी परिचारिका हा या सेवेचा कणा मानतात. रुग्णाने रोज सकाळी शौचादी आटोपून, काही खाण्यापूर्वी वजन करावे व वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर फोन करावा. व्यापाऱ्याला रोजमेळ समजावून सांगावा लागत नाही. रोज लिहिला तर तूट पहिल्याच दिवशी दिसते, दिवाळीला एकदम लिहिला तर दिवाळे दिसते.

यंत्रे व शस्त्रक्रिया यांना स्थान नाही असे नव्हे. काही रुग्णांना विशिष्ट पेसमेकर लागतो, काहींना धोक्याच्या ठोक्यावर विजेचा झटका देणारे उपकरण. अगदी थोड्यांना हृदयप्रत्यारोपण. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे केपटाऊनच्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, ते धाडस केले होते. रुग्ण काही तासच जगला. यश आले ते ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. अवयव देणारे मात्र आजही अपुरे आहेत.

आणि शेवटी असा टप्पा येतो, जेथे औषधांना मर्यादा पडतात. तेथे हा डॉक्टर रुग्णाला सोडून जात नाही. अत्यल्प मात्रेतील मॉर्फिनने धाप सुसह्य होते, झटका देणारे उपकरण बंद करता येते, अखेरचे दिवस अतिदक्षता विभागाऐवजी घरी, नवकार मंत्राच्या सान्निध्यात जाऊ शकतात. संथारा या विषयावर राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी दिलेला प्रतिकूल निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्याच्या ३१ तारखेस स्थगित केला, हे सर्वांना स्मरत असेल. उपचारांच्या मर्यादेविषयी आधीच इच्छापत्र करून ठेवण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मोकळा केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ केली. परंतु एक भेद घरच्यांनी निक्षून पाळावा. ज्या धापेवर चार गोळ्यांनी उतार पडू शकतो ती धाप म्हणजे अंतकाळ नव्हे. अशा रुग्णाला आता संथाऱ्याची वेळ आली असे घरच्यांनी परस्पर ठरवणे धर्मालाही धरून नाही. रोग खरोखर कोणत्या पायरीवर आहे हे आधी या तज्ज्ञाला विचारावे, आणि पुढची गोष्ट रुग्णाने स्वतः गुरूंपाशी बोलावी.

आता ट्रस्टच्या कामकाजाविषयी. दवाखान्यासाठी नवे मोठे यंत्र घ्यावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते, उद्‌घाटन होते, छायाचित्र छापले जाते. परिचारिकेच्या पगारावर पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी दाता पुढे येत नाही. ही मानवी दुर्बलता आहे आणि ती या सभागृहातही आहे. तरी विश्वस्तांनी हिशेब मांडून पाहावा: एक प्रशिक्षित परिचारिका, एक फोन, उपाश्रयात व दवाखान्यात मिळून दहा काटे, वजनाच्या छापील वह्या, गरजू रुग्णांच्या रक्ततपासणीसाठी राखीव निधी आणि महिन्यातून दोन दिवस तज्ज्ञ डॉक्टरांची भेट. यंत्राच्या किमतीवरील व्याजातून यांतील पुष्कळसा खर्च भागेल. अंतरंग तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याचा क्रम तिसरा आहे, आणि त्यात नावाच्या पाटीचा उल्लेख कोठे आढळत नाही. येत्या पर्युषणापूर्वी वह्या तरी छापून व्हाव्यात. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर रुग्णाचे औषध, वजन आणि संकल्पित तप या तीन गोष्टी लिहिण्याची जागा असावी, म्हणजे ती वही डॉक्टरांपुढे ठेवताना संकोच वाटणार नाही.

या निवेदनात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास, अथवा कोणाचे मन दुखावले गेले असल्यास, मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!